अंधारघरातील काजवे

संकटात तग धरण्याचा उपदेश आज तरुणांना सर्वत्र होतो. व्याख्यानांतून, परीक्षेपूर्वीच्या मार्गदर्शन-वर्गांतून आणि घरूनही. त्याचा मथितार्थ बहुधा एकच असतो : सोसा, दिवस पालटतील. या उपदेशाला आमचा आक्षेप आहे. सोसण्याचे शिक्षण आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले आहे. त्याची आणखी शिकवणी नको. पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची विद्या निराळी असते. तिचा एक उत्तम पाठ मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या ग्रंथात आहे आणि इतिहासाचे शिक्षक या नात्याने तो आम्ही येथे मांडत आहोत.

‘पोपोल वुह’ हा ग्वाटेमालाच्या डोंगराळ प्रदेशातील किचे माया लोकांचा ग्रंथ होय. १५२४ साली पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश सेनानीने त्यांचे राज्य जिंकले व त्यांची राजधानी जाळली. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी काही किचे विद्वानांनी स्वतःची नावे न सांगता आपली परंपरा लिहून ठेवली. लिपी जेत्यांची, रोमन. भाषा मात्र स्वतःची. अठराव्या शतकाच्या आरंभी एका स्पॅनिश धर्मोपदेशकाने त्या लेखनाची नक्कल व भाषांतर केले. तीच प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात जतन केलेली आहे.

या ग्रंथात दोन पिढ्यांची कथा आहे. हुन हुनाहपू आणि वुकुब हुनाहपू हे दोघे भाऊ चेंडूचा खेळ खेळत. त्या आवाजाने संतापून शिबाल्बाच्या, म्हणजे पाताळाच्या, अधिपतींनी त्यांना बोलावून घेतले. तेथे त्यांनी सिंहासनावरील लाकडी पुतळ्यांनाच राजे समजून वंदन केले आणि दरबार हसला. बसावयास दिलेले आसन तापलेल्या दगडाचे निघाले. रात्री अंधारघरात कोंडताना त्यांना एक मशाल व दोन चिरूट पेटवून देण्यात आले आणि सकाळी ते जसेच्या तसे परत करण्याची अट घालण्यात आली. जळणारी वस्तू जशीच्या तशी परत कशी करणार? अट पुरी झाली नाही आणि दोघेही मारले गेले.

हुनाहपू आणि श्बालांके हे हुन हुनाहपूचे जुळे पुत्र. आजीने त्यांच्यापासून वडिलांचे खेळाचे साहित्य छताखाली दडवून ठेवले होते. ज्या खेळापायी मुलगे गेले, तो नातवांच्या हाती पडू नये ही तिची माया. पण शेतात पकडलेल्या एका उंदराने मुलांना ते गुपित सांगितले. मुले खेळू लागली आणि पाताळाचे बोलावणे पुन्हा आले.

या वेळी मात्र घडले ते वेगळे. मुलांनी आधी एक डास पुढे धाडला. तो एकेकाला चावत गेला. पुतळे गप्प राहिले. खरे अधिपती कळवळले आणि एकमेकांना नावाने विचारू लागले. अशा रीतीने प्रत्येकाचे नाव मुलांना कळले. तापलेल्या दगडावर ती बसली नाहीत. अंधारघरात त्यांनी मशालीला मकाव पक्ष्याची लाल पिसे लावली, चिरुटांच्या टोकांना काजवे बसवले. पहारेकऱ्यांना वाटले, रात्रभर जळते आहे. सकाळी सारे जसेच्या तसे परत केले.

वडील दुर्बल होते म्हणून हरले नाहीत आणि मुले बलवान होती म्हणून टिकली नाहीत. वडिलांना खेळाचे नियम ठाऊक नव्हते. ते नियम त्यांना हरवण्यासाठीच रचलेले होते. मुलांनी प्रत्येक सापळा ओळखला. आमच्या मते कथेचे सार येथे आहे. अन्याय करणाऱ्याचे नाव कळणे, पुतळा कोणता आणि राजा कोणता हे ओळखणे आणि आपला उजेड दुसऱ्याच्या अटीवर जाळून न टाकणे, हेच ते बळ.

पुढे वटवाघळांच्या घरात हुनाहपूचे डोके छाटले जाते. श्बालांके भोपळ्याचे डोके करून भावाला उभा करतो आणि खरे डोके परत मिळेपर्यंत त्याच्या जोडीने खेळतो. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ कळेल. संकटात एखाद्याचे डोके ठिकाणावर राहत नाही, तेव्हा ते परत येईपर्यंत कोणीतरी शेजारी उभे राहावे लागते.

यानंतर ही मुले आगीत उडी घेतात आणि पाचव्या दिवशी नदीतून पुन्हा प्रकटतात. येथे थांबून विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो : आगीत गेलेला देह परत येत नाही. परंपरेने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत. मरून परतणे हे कथेतच घडते. इतिहासात परतते ते ज्ञान. १५६२ साली युकातानमधील मानी येथे दिएगो दे लांदा या धर्मोपदेशकाने माया लोकांचे ग्रंथ जाळले. त्यांच्या प्राचीन ग्रंथांपैकी आज केवळ चार उरले आहेत. तरीही किचे लोकांची कथा वाचली, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली.

नावे कळण्याचे मोल त्याच भूमीत पुन्हा दिसले. १९६० ते १९९६ या काळात ग्वाटेमालात यादवी युद्ध चालले. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालाने मृत व बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक सांगितली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. किचे स्त्री रिगोबेर्ता मेंचू यांचे वडील १९८० साली स्पॅनिश दूतावासाच्या आगीत गेले. मेंचू यांनी आपल्या लोकांवरील अत्याचारांची साक्ष जगापुढे ठेवली. १९९२ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि १९९९ मध्ये त्यांनी दोषींविरुद्ध स्पेनच्या न्यायालयात दाद मागितली.

आता पालकांना विनंती. आपल्यापैकी अनेकांनी त्या आजीप्रमाणे काही गोष्टी छताखाली दडवून ठेवल्या आहेत. वर्गात वेगळे बसवले गेल्याचे दिवस, मुलाखतीत आडनाव विचारून संपवलेले बोलणे, जमिनीच्या कागदावर न वाचता दिलेला अंगठा. मुलांचे मन दुखू नये म्हणून आपण बोलत नाही. पण सापळे अजून तेथेच आहेत आणि बोलावणे मुलांनाही येणार आहे. आपण कोठे व कसे हरलो, हे त्यांना सविस्तर सांगा. माजी विद्यार्थ्यांनी ते लिहून ठेवावे.

निघताना त्या मुलांनी घराच्या मध्यभागी मक्याची कणसे लावली होती. ती सुकली तेव्हा आजी रडली. पुन्हा अंकुरली तेव्हा हरखली. शिकण्यासाठी दूर राहिलेल्या मुलामागे घरी असेच कोणीतरी वाट पाहत असते. मुलांनी ते विसरू नये आणि घरच्यांनी ते बोलून दाखवावे.