नफा दिसतो, रोकड कोठे आहे?

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचा आरंभ १९८४ साली शीव येथे एका शाखेने झाला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले आणि प्रारंभी खात्यातून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. शीव कोळीवाड्यातील अनेक कुटुंबांची बचत त्यामुळे अडकली. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती.

ठेवीदारांच्या हालांची चर्चा पुष्कळ झाली. भागधारकांनी घ्यावयाचा धडा मात्र दुर्लक्षित राहिला. २००७ साली एचडीआयएलचा समभाग ५०० रुपयांना विकला गेला होता. कंपनीपाशी जमिनी होत्या, प्रकल्प होते. देणी भागविण्यास रोकड नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. जमिनीचे मूल्य ताळेबंदात मांडता येते. त्यातून कर्जाचा हप्ता फिटत नाही.

उलटपक्षी, ताळेबंदात दिसणारी रोकड खरी असतेच असेही नाही. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली की, हिशेबातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकड व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. तिच्यावरील ३७६ कोटींचे येणे व्याजही काल्पनिकच होते.

तेव्हा केवळ नफ्यावर किंवा केवळ शिलकीवर विसंबणे धोक्याचे होय. रोकड-प्रवाह पत्रकात व्यवसायातून प्रत्यक्ष किती पैसा आला, हे चारपाच वर्षांच्या नफ्याशी ताडून पाहावे. नफा वाढत असता येणी व मालसाठा त्याहून वेगाने फुगत असतील, तर विक्री झाली तरी वसुली होत नाही, असे समजावे. मोठी शिल्लक असूनही कंपनी नव्याने कर्ज काढीत असेल, तर त्याचे कारण शोधावे. वर्षभरात फेडावयाची देणी हाती असलेल्या पैशातून भागतील काय, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारावा. तिमाही निकालांत हे सारे दिसत नाही. त्यासाठी वार्षिक अहवालच उघडावा लागतो.

व्याज घटले की मध्यमवर्गाची बचत शेअर बाजाराकडे वळते. परंतु बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. समभागाला तसे कोणतेही नाही. भागधारकाची सावधगिरी हाच त्याचा विमा होय.