ताटावरची टिप्पणी

सरकारी कारकुनाचं निम्मं आयुष्य टिप्पणी लिहिण्यात जातं. फाईल आली, टिप्पणी लिहिली, वर पाठवली. साहेबांचा शेरा पडला, फाईल पुन्हा खाली. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे टिप्पणी म्हणजे काय ते मला कळतं, असा माझा समज होता. गेल्या डिसेंबरात बालाघाटला गेलो आणि तो समज जरा हलला.

माझी धाकटी बहीण बालाघाटला दिली आहे. गाव मध्य प्रदेशातलं, पण गोंदियाहून जवळ. तिच्या सासरी मराठीच बोलतात, फक्त वाक्यावाक्याला ‘जी’ लावतात. भाचा कॉलेजात आहे आणि त्याला एका जुन्या जपानी कार्यक्रमाचं वेड लागलंय. ‘र्योरी नो तेत्सुजिन’ म्हणजे स्वयंपाकातले लोहपुरुष. जगात तो ‘आयर्न शेफ’ या नावाने माहीत आहे. १९९३ ते १९९९ जपानच्या फुजी टीव्हीवर चालला. रात्री जेवणं झाली की भाचा लॅपटॉप उघडायचा आणि आम्ही सगळे भोवती बसायचो. बहिणीच्या सासूबाईसुद्धा. त्यांना सगळे आजी म्हणतात, मीही म्हणतो.

कार्यक्रमाचा थाट नाटकासारखा. झगमगीत कपड्यांतला यजमान (ताकेशी कागा हा नट) पिवळी ढोबळी मिरची कच्चीच चावून हसतो. मग एका जिन्नसावरचं झाकण निघतं. कधी वांगं, कधी टोफू, कधी शेवंड. एका बाजूला लोहपुरुष, दुसऱ्या बाजूला त्याला आव्हान देणारा आचारी. तासाभरात त्या एकाच जिन्नसाचे अनेक पदार्थ करायचे.

पण मला धरून ठेवलं ते समालोचनाने. फुकुई नावाचे निवेदक अगदी क्रिकेटची कॉमेंटरी करावी तसे बोलतात. शेजारी हात्तोरी हे जाणकार, पाकशाळा चालवणारे. आणि खाली ओट्यांमध्ये धावणारा वार्ताहर ओता. तो मध्येच ओरडतो, “फुकुई-सान!” मग बातमी देतो, की आचाऱ्याने आता अमुक घातलं. वर बसलेले तर्क लढवतात, हे कशासाठी असेल? तर्क चुकला तर खुशाल चुकतो. टीव्हीवर वास येत नाही, चव येत नाही. ती उणीव ही माणसं बोलून भरून काढतात.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याही घरात समालोचन सुरू झालं. मिचिबा नावाचे लोहपुरुष आधी कुंचल्याने बेत लिहून काढतात. मग सुकवलेल्या माशाचा कीस आणि समुद्री शेवाळ घालून सार काढतात, आणि गाळून चोथा बाजूला करतात. आजी म्हणाल्या, “बाप्पा! एवढं सगळं उकळून फेकून देलं जी?” मी गोंयकार, सुक्या मासळीची किंमत जाणणारा. मीही हळहळलो. भाच्याने समजावलं, की सगळा जीव त्या पाण्यात उतरलाय. आजींना पटलं नाही. पण त्या विचार करत राहिल्या, हे मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी आजींनी चिन्नोर रांधायला घेतला. चिन्नोर हा तिथला सुवासिक तांदूळ. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण शेतातल्या पिकाला भात म्हणतो, ते धान म्हणतात. हे धान उशिरा तयार होतं, आणि उतारा कमी. त्यामुळे पोटापाण्याचा हिशेब करणारा शेतकरी दुसरं वाण लावतो आणि चिन्नोर घरापुरता एखाद्या बांधीत ठेवतो. मानांकनाने नाव झालं, भाव मिळाला तरच ते बांधीत टिकेल.

भाचा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि ओरडला, “फुकुई-सान! आजीने तांदूळ दोनदाच धुतला!” मी बाहेरच्या खोलीतून विचारलं, “का म्हणे?” आतून उत्तर आलं, “जास्त चोळला तर वास पाण्यासंगं जाते.” “फुकुई-सान! मागच्या सालचा घेतलाय, नवा नाही!” “नवा चिकट होते जी.” खेळ अर्धा तास चालला. माझी बहीण पंधरा वर्षं त्या घरात आहे. ती म्हणाली, “यातलं निम्मं मला आज कळलं रे.” आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आजवर मीठ कमी झालं तेवढंच सांगत होते सगळे.”

घास माझ्या हातातच राहिला. कारण मीही तेच करतो. घरी हुमण वाढलं की माझी टिप्पणी एका ओळीची, कार्यालयात लिहितो तशीच: त्रुटी आढळली, पूर्तता करावी. त्रुटी नसेल तर शेरा नाही.

आपल्याकडेही २०१० पासून मास्टरशेफ इंडियासारख्या स्पर्धा आल्या. मीही पाहतो. पण तिथे बराच वेळ स्पर्धकाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जातो. त्याने तोच मसाला का निवडला, तो आधी का भाजला, हे घाईत उरकतं. कष्टांची कहाणी नको असं मी म्हणत नाही. पण हाताचं कसब समजून घेणं हाही माणसाचा मानच आहे, आणि तो अश्रूंपेक्षा जास्त टिकतो.

जपानी कार्यक्रम निर्दोष आहे असंही नाही. ते सगळे लोहपुरुष खरोखरच पुरुष. घरोघरी रोज रांधणारी बाई, आणि झगमगाटात टाळ्या घेणारा बाप्या, हे तिकडेही सुटलेलं नाही. शिवाय तासाभराची ती घाई. आजींचा यावर शेरा असा: “धानाले पाच महिने लागते, अन् याहीले एका घंट्यात पाहिजे!” यावर हात्तोरी काय बोलले असते कोण जाणे.

गोव्यात परत आलो तेव्हा उकड्या तांदळाचं शीत आणि बांगड्याचं हुमण ताटात होतं. मी बायकोला विचारलं, “तिरफळं ठेचून घातलीस की अख्खी? आणि कधी घातलीस?” तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “का? काय बिघडलंय?”

काही बिघडलं नव्हतं, हे पटवायला मला चांगली दहा मिनिटं लागली. मग तिने सगळं सांगितलं, तिच्या आईची पद्धत आणि सासूची पद्धत यातल्या फरकासकट. आमचं जेवण त्या दिवशी तासभर चाललं.

तुमच्या घरची शेवटची टिप्पणी काय होती, आठवून बघा.