घसारा तिसऱ्या पाळीचा



वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘घसारा’ हा शब्द फार लवकर भेटतो. यंत्र वापरले की ते झिजते आणि ती झीज उत्पन्नातून वजा केल्याशिवाय खरा नफा कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत याच्याही पुढचा एक नियम आहे. यंत्र दोन पाळ्यांत चालवले तर तेवढ्या काळापुरता घसारा पन्नास टक्क्यांनी वाढवावा, तीन पाळ्यांत चालवले तर शंभर टक्क्यांनी. आपल्या वाचकांत सनदी लेखापाल पुष्कळ आहेत, त्यांना हे नवे नाही. मला मात्र निवृत्तीनंतर हा नियम वेगळ्याच कारणाने आठवत राहिला. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी असा रकाना कोणत्याही ताळेबंदात मी पाहिलेला नाही.

माझी बहुतेक नोकरी भंडारा जिल्ह्यात झाली. धानाचा जिल्हा, त्यामुळे कर्जासाठी येणाऱ्या प्रकल्प अहवालांत राइस मिलचे अहवाल अधिक. बऱ्याच अहवालांत पहिल्या वर्षी एक पाळी, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षापासून हंगामात तीन पाळ्या दाखवलेल्या असत. तिसरी पाळी धरली की परतफेडीचे गणित सुरेख जमे. मी बॉयलरचे प्रमाणपत्र पाहिले, विमा पाहिला, गोदामातील पोती मोजली. तिसऱ्या पाळीला भट्टीपाशी कोण असणार आणि तो कधी झोपणार, हा प्रश्न मी एकाही अर्जदाराला विचारला नाही. तसा रकानाच अर्जात नव्हता, ही सबब आहे, पण सबबच.

आमच्या शाखेत एक खातेदार येत असे. जिल्ह्यातील एका मोठ्या कारखान्यात कामाला होता. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. एकदा सकाळी अकराच्या सुमारास पैसे काढायला आला आणि त्याची सही नमुना सहीच्या कार्डाशी जुळेना. पुन्हा करायला सांगितली, ती आणखी वाकडी आली. मी नियमावर बोट ठेवून त्याला परत पाठवले. दुसऱ्या आठवड्यात तीच गोष्ट. तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “नाइट करून सरळ आलो जी साहेब, हात थरथरते.” मग साप्ताहिक सुटीनंतरच्या दिवशी तो आला, तेव्हा सही कार्डावरच्यासारखी, ठसठशीत. तीच बोटे, तेच पेन. अशी सही मी त्यानंतर बऱ्याच रातपाळीवाल्यांची पाहिली.

हे असे का होते, ते समजायला आता शास्त्राचा आधार आहे. आपल्या मेंदूत आणि जवळपास प्रत्येक पेशीत चोवीस तासांचे एक घड्याळ असते. ते कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लागते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते, पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि सावधपणाही त्याच वेळी सर्वांत कमी असतो. रातपाळीचा माणूस नेमका तेव्हा भट्टीपुढे उभा असतो. सकाळी सहाला सुटून सायकलीने घरी निघाला की समोर कोवळे ऊन. घड्याळाला वाटते, दिवस उगवला. मग तो अंथरुणावर पडतो, पण दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून लहान आणि तुटक असते. त्यात आमच्याकडचा मे महिना. पारा ४५ च्या घरात, डोक्यावर टिनाचे छत, कूलरला पाणी नाही किंवा वीज नाही, आणि शेजारी लग्नाचा बँड. आठवड्याने पाळी बदलते, तोवर शरीर रात्रीला नीट सरावलेलेही नसते.

अशी वर्षे साठत गेली की रक्तातील साखर, रक्तदाब, हृदय आणि पचन यांच्या तक्रारी वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ मध्ये रातपाळीबाबत तेच मत कायम ठेवले. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. रुग्णालये, रेल्वे, वीज केंद्रे रात्री बंद ठेवता येत नाहीत, पोलादाची भट्टीही रोज संध्याकाळी विझवता येत नाही.

रात्रीच्या जेवणाविषयी येथे थोडे सांगतो, कारण आपल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. बोस्टनमधील संशोधकांनी २०२१ मध्ये १९ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कृत्रिम रातपाळीत ज्यांनी रात्रीही जेवण घेतले, त्यांच्या रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली; फक्त दिवसा जेवणाऱ्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रयोग लहान आहे. शिवाय रात्रिभोजनत्यागामागे आपल्या पूर्वजांची भूमिका जीवदयेची होती, साखरेची नव्हती. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून मिरवण्याची गरज नाही. परंतु पाळीला जाणाऱ्या मुलाने सूर्यास्तापूर्वी जेवून निघावे, हा आईचा आग्रह वैद्यकीय दृष्टीनेही वेडगळ नाही, एवढे त्या मुलाला सांगता येईल.

आता तासांचा हिशेब. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ वर आले. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी आमच्याच भंडाऱ्यातून लढवली आणि आम्ही त्यांना निवडून दिले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाचे ९ तास, आठवड्याचे ४८ आणि जादा कामाला दुप्पट मजुरी हे पक्के केले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असेही आहे. सही आणि संमती यांचा परस्परांशी किती संबंध असतो, ते जामीनदारांच्या सह्या घेण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारावे.

सवयीने मी भागाकार केला. तिमाहीचे १३ आठवडे. १४४ भागिले १३ म्हणजे ११ तास. ४८ अधिक ११, आठवड्याला ५९. जुन्या मर्यादेनेही ते जवळपास ५७ होतच होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे मांडलेला अंदाज असा की, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू या खात्यावर पडले.

कारखान्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, गोदामे आहेत, मिल आहेत. सकाळी नऊला शटर उघडणारा आणि रात्री साडेनऊला ते ओढणारा नोकर आपलाच असतो, आणि हंगामात भरडाईची मुदत गाठण्यासाठी सलग दोन पाळ्या करणारा हमालही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आहे. बैलावर लादलेल्या ओझ्याचा विचार आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. माणसावर लादलेल्या तासांचा हिशेब मात्र मुनीमजींच्या वहीत ‘जादा मजुरी’ या एका ओळीत संपतो, आणि ती दिली की आपण मोकळे होतो.

माझ्या ओळखीच्या एका मिलमालकांनी गेल्या हंगामात एवढेच केले की पाळ्यांचा क्रम उलटा फिरायचा तो सुलटा केला: सकाळ, मग दुपार, मग रात्र. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्याने झोप पुढे ढकलणे त्याला सोपे जाते, अलीकडे ओढणे कठीण. मिलच्या एका खोलीला जाड पडदे लावले आणि लागोपाठ दोन पाळ्या बंद केल्या. खर्च पडद्यांचा. तक्रार मात्र मजुरांकडूनच आली. दुसरी पाळी बंद म्हणजे तेवढी मिळकत बंद.

ही तक्रार मला चांगली ओळखीची आहे, कारण सही न जुळणाऱ्या त्या खातेदाराला पुढे मीच घरासाठी कर्ज मंजूर केले होते. मूळ पगारावर हप्ता बसत नव्हता. पगाराच्या पावतीवर ओव्हरटाइमची रक्कम चांगली होती, ती धरून मी बसवला. तेव्हा आपण एका गरजू माणसाचे भले केले, असेच वाटले होते. त्या हप्त्याने त्याला दहा वर्षे जादा पाळ्यांना बांधून टाकले, हे मला सुचलेही नाही. चाळिशीत साखर निघाली, पन्नाशीच्या आत अर्धांगवायू झाला. कारण तेवढेच होते, असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. कर्ज मात्र वेळेत फिटले. आता तो डाव्या हाताचा अंगठा उठवतो.

त्याचा मुलगा त्याच कारखान्यात लागला आहे. मागच्या महिन्यात घर वाढवण्याच्या कर्जाबद्दल विचारायला माझ्याकडे आला होता. त्याच्या पावतीवरचा ओव्हरटाइमचा रकाना मी बोटाने झाकला आणि हप्ता काढून दाखवला. एवढ्यात दोन खोल्या होत नाहीत जी, एकच होते, असे तो म्हणाला. बापाशी बोलून सांगतो म्हणून गेला आहे. अजून आलेला नाही.