टोमण्यामागची जखम

सामना संपला की पाठीराख्यांनी एकमेकांची टर उडवावी, ही इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतील फुटबॉलची जुनी रीत. मात्र एएफसी विम्बल्डनचे पाठीराखे एमके डॉन्सला ‘फ्रँचायझी’ म्हणून हिणवतात, तेव्हा ती निव्वळ थट्टा नसते.

लंडनमधील मूळ विम्बल्डन क्लब सुमारे ९० किलोमीटरवरील मिल्टन कीन्सला हलविण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००४ मध्ये त्याचे नावही बदलले. दुखावलेल्या पाठीराख्यांनी २००२ मध्येच स्वतःचा क्लब काढला आणि नवव्या श्रेणीपासून चढत २०११ मध्ये फुटबॉल लीग गाठली. डिसेंबर २०१२ मध्ये एफए कपच्या निमित्ताने दोन्ही क्लब प्रथमच समोरासमोर आले. एमके डॉन्सने भरपाई वेळेतील गोलने २-१ अशी बाजी मारली. टोमणा मात्र शाबूत राहिला. ‘डॉन्स’ हे मूळ क्लबचे टोपणनाव. २०१७ मध्ये एएफसी विम्बल्डनने सामन्याच्या पुस्तिकेत पाहुण्यांच्या नावातून तेवढाच शब्द गाळला.

क्लब मालकाचा की गावाचा, हा खरा प्रश्न. २०२५ च्या कायद्याने मैदान हलविण्यास स्वतंत्र नियामकाची मंजुरी आवश्यक ठरविली. पाठीराख्यांच्या तक्रारीला कायद्याचे बळ मिळण्यास २३ वर्षे लागली.