तालुक्याचे महाविद्यालय मोडू नका

नांदगावच्या स्थानकात उभे राहिले म्हणजे महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा नकाशा किती चमत्कारिक आहे ते ध्यानात येते. पूर्वेकडची आगगाडी धरली तर तासाभरात चाळीसगाव लागते. तेथला विद्यार्थी जळगावच्या विद्यापीठाचा. दक्षिणेचे डोंगर ओलांडून कन्नड-वैजापुराकडे गेले तर तेथला विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा. नांदगावचा विद्यार्थी मात्र पुण्याचा. आणि पुणे मनमाड-दौंडच्या लोहमार्गाने अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. एका तालुक्याच्या शिवेवर तीन विद्यापीठांच्या हद्दी येऊन मिळतात, आणि त्यांतले जे सर्वांत लांब तेच ह्या तालुक्याच्या वाट्यास आले आहे!

हद्दींचा हा इतिहास आठवावयास हवा. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले तेव्हा पश्चिम महाराष्ट्राचे बारा जिल्हे त्याच्या पदरात होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुण्याकडे पुणे, अहिल्यानगर व नाशिक एवढेच जिल्हे उरले. ह्या प्रत्येक विभाजनामागे राजकारण होते हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याच्या तळाशी एक साधा विचारही होता: मुलाने विद्यापीठापाशी जाण्यापेक्षा विद्यापीठाने मुलापाशी यावे. तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघाली ती ह्याच विचाराने. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने नांदगावला महाविद्यालय चालविले, महात्मा गांधी विद्यामंदिराने मनमाडला चालविले. आमच्या नाशिककर वाचकांनी मनाशी आठवावे की १९२४ साली हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय निघाले नव्हते तोवर नाशिकच्या मुलालासुद्धा पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, आणि मुलींची तर गोष्टच निघत नसे.

आता वारे फिरले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले की २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिच्यात ३,००० वा अधिक विद्यार्थी असावेत असे उद्दिष्ट ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढून एकाच शाखेच्या संस्थांना सहकार्याचे आणि विलीनीकरणाचे मार्ग आखून दिले. महाराष्ट्राने समूह विद्यापीठांचा प्रयोग त्याआधीच आरंभिला होता. धोरणामागचा हेतू वाईट नाही. चार खोल्या, दोन प्राध्यापक आणि कुलूप लावलेले ग्रंथालय ह्यांस महाविद्यालय म्हणत राहणे ही विद्यार्थ्यांची फसवणूक आहे, आणि ती कोणीतरी थांबवावयास हवीच होती.

परंतु आजवर एकत्रीकरण झाले ते कोठे? मुंबईत २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम ही त्याची घटक महाविद्यालये. एकातून निघालेला विद्यार्थी दुसऱ्यात पायी जाऊ शकतो. साताऱ्यास २०२१ साली रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. तीनही एकाच शहरात, एकाच संस्थेची. तेथे एकत्र आली ती कार्यालये, प्रयोगशाळा आणि ग्रंथालये. विद्यार्थ्याच्या पायाखालचे अंतर एका मैलानेही वाढले नाही. हेच सूत्र नांदगावला लावले तर? तेथे तीन हजारांचा आकडा गाठण्यासाठी एका गावाचा वर्ग दुसऱ्या गावी न्यावा लागेल, आणि शहरात जे भिंत पाडून साधते ते तालुक्यात वाट तोडून साधावे लागेल.

नांदगावचे महाविद्यालय बंद करा असा हुकूम सुटला आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस धास्ती वाटते ती हुकुमाची नव्हे, गणिताची. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०१९-२० साली ३,००० हून अधिक विद्यार्थी असलेली महाविद्यालये देशात शंभरांत जेमतेम चार होती. उरलेल्या शहाण्णवांचे काय करावयाचे? त्याच धोरणाला २०३५ पर्यंत शंभरांतले पन्नास तरुण उच्च शिक्षणात हवे आहेत. २०२१-२२ साली ते प्रमाण २८.४ होते. म्हणजे विद्यार्थी जवळजवळ दुप्पट हवेत आणि दारे मात्र कमी! कोणत्या अंकगणिताने हे जमते ते आम्हांस उमगलेले नाही.

वर्ग रिकामे पडतात ही गोष्ट खोटी नाही. लहान गावांच्या कला आणि वाणिज्य शाखांत पट आणि प्रत्यक्ष हजेरी ह्यांतले अंतर कोणत्याही प्राध्यापकाला खाजगीत विचारावे. ह्याला महाविद्यालयेही जबाबदार आहेत. वर्षानुवर्षे तेच विषय, त्याच टिपणवह्या, आणि जागा भरल्या न गेल्यामुळे तासिका तत्त्वावर राबणारे, पुढच्या जूनची शाश्वती नसलेले तरुण अध्यापक! संस्थाचालकांनीही विनाअनुदानाच्या पाट्या लावून गरज नाही तेथे महाविद्यालये काढली आणि सरकारने त्यांना परवानग्या दिल्या. जरा व्यवहारोपयोगी असे जे पदवीवर्ग निघाले, त्या बीबीए-बीसीएंना २०२४ साली सामायिक प्रवेशपरीक्षेच्या चाळणीत घातले गेले. जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की परीक्षा पुन्हा घेण्याची पाळी आली, आणि कित्येक ठिकाणी अभ्यासक्रमाचे नाव पालटून चाळणीतून सुटका करून घेण्यात आली. मूल तेच, टोपडे निराळे.

मुले नाशिकला जातात, पुण्याला जातात. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे. आमचा प्रश्न राहिलेल्यांचा आहे. बोलठाण, जातेगाव, न्यायडोंगरी, साकोरा ह्या गावांची नावे शहरी वाचकांच्या कानांवरून क्वचितच गेली असतील. अवर्षणाचा हा मुलूख. गिरणेवरचे मोठे धरण ह्याच तालुक्याच्या अंगाला आहे, पण पाणी पुष्कळसे खाली खानदेशाला जाते. अशा गावातली बारावी झालेली मुलगी सकाळी एस.टी.ने नांदगावला येते आणि दुपारी घरी परतते. बाप तिला पाठवतो तो ती संध्याकाळच्या आत परत येते म्हणून. हा विचार जुनाट आहे असे शहरातल्या दिवाणखान्यात बसून म्हणणे सोपे आहे. नांदगावचा वर्ग उठला तर तिला पुढचे शंभर किलोमीटर तोडून नाशिकला कोण पाठवणार? ती मुक्त विद्यापीठात नाव घालील, किंवा मांडवात उभी राहील. पहिल्या मार्गाची आम्ही निंदा करीत नाही. पण मुक्त विद्यापीठ ज्याला नोकरी आहे, संसार आहे, त्याच्या सोयीसाठी निघाले. अठरा वर्षांच्या मुलीला वर्ग, मैत्रिणी, वादविवाद आणि ग्रंथालय ह्यांना पारखे करण्यासाठी नव्हे.

सरकारला मुलींची कळकळ नाही असेही नव्हे. २०२४ च्या जुलैत आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या मर्यादेत अनेक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. चांगले झाले. पण शुल्कमाफी व्यावसायिक शिक्षणाची, आणि ते बहुतेक शहरात. खोलीचे भाडे आणि खानावळ ज्याची त्याने पाहावी. एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंत चालतो. जेथे अंतर वाढू लागते नेमक्या त्याच पायरीवर पास संपतो!

परदेशाचा दाखला देणारे देतात. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्याने २०२२ साली सहा सरकारी विद्यापीठांची दोन केली. पण तेथे पटाच्या घसरणीला तरुणांची घटती संख्याही कारण होती. आपल्याकडेही ती वेळ येणारच नाही असे समजू नये: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आलेला आहे. मात्र आज नांदगाव तालुक्यात तरुण नाहीत म्हणून वर्ग ओस पडतात असे कोणी म्हणत असेल तर त्याने आठवड्याच्या बाजाराला एक चक्कर मारावी.

मग करावे काय? विद्यार्थ्याऐवजी अध्यापकाला फिरवावे. नांदगाव आणि मनमाड ह्यांच्यात सव्वीस किलोमीटरांचा एकच लोहमार्ग आहे. भौतिकीचा एक चांगला प्राध्यापक दोन्हीकडे तीन-तीन दिवस शिकवू शकेल आणि महागडे उपकरण एकदाच घेता येईल. दोन्ही महाविद्यालये निरनिराळ्या संस्थांची आहेत, आणि जिल्ह्यातल्या संस्थांची चढाओढ आम्हांस ठाऊक नाही असे नाही. परंतु आयोगाच्या सूचना अशा सहकार्याला आडव्या येत नाहीत. आडवा येतो तो मानापमान. चाळीसगाव दुसऱ्या विद्यापीठात आहे म्हणून तेही वर्ज्य मानू नये. श्रेयांकांची पेढी २०२१ पासून कायद्याने अस्तित्वात आहे. चाळीसगावी घेतलेल्या विषयाचे श्रेयांक नांदगावच्या पदवीत जमा होत असतील तर तेवढ्यापुरती हद्द आपोआप पुसली जाते.

राहिला पैशाचा प्रश्न. अनुदान आणि पदे केवळ पटावर मोजली जातील तोवर लहान गावाचे महाविद्यालय हरणारच. विद्यापीठांच्या बृहत् आराखड्यात नवी महाविद्यालये कोठे काढावीत ते लिहिलेले असते. जुने बंद झाले तर सर्वांत जवळचा पदवीवर्ग किती किलोमीटरांवर आणि कोणत्या एस.टी.ने, असा एक रकाना त्यात घालावा, आणि ज्या गावाचे अंतर मोठे त्याला पटाची अट शिथिल करावी. मुलींचा पास बारावीऐवजी पदवीपर्यंत चालावा. हे करण्यास २०४० ची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवेशाचा पुढचा जून पुरेसा आहे.