रंगपेटी ही चैन नव्हे

पोरवयातील दुःख पुष्कळदा मुके असते. ज्या मुलाला ते शब्दांत सांगता येत नाही, तो ते मुठीने सांगतो, नाही तर गिळून बसतो. अशांच्या हाती कुंचला दिला तर काय घडते, याची साक्ष तेरेझिनच्या नाझी बंदिछावणीने मागे ठेवली आहे. तेथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने बंदिवान मुलांना चित्रकला शिकविली. १९४४ साली ऑश्विट्झ येथे तिचा अंत झाला. मागे उरली दोन पेट्यांत भरलेली सुमारे ४,५०० चित्रे. त्या चित्रांनी बहुतेक मुलांचे प्राण वाचले नाहीत. परंतु त्यांचे मन काही काळ तरी त्यांचे स्वतःचे राहिले, असे आम्ही मानतो.

आपल्या निरीक्षणगृहांतील व बालगृहांतील मुलांना २०१५ च्या बालन्याय कायद्याने समुपदेशनाचा हक्क दिला आहे. परंतु प्रश्नांनी आधीच भंडावलेल्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारून काय साधणार? कोरा कागद, रंग आणि न रागावता शेजारी बसणारा जाणता मनुष्य, एवढे त्याला प्रथम हवे. त्याच्या चित्राला गुण देऊ नयेत, ते पाहुण्यांपुढे मिरवूही नये. सरकारने हा खर्च करमणुकीच्या खाती न टाकता उपचाराच्या खाती मांडावा, एवढेच आमचे मागणे आहे.