तुरुंगाच्या वहींतले शब्द

वहींतल्या एका शब्दाची किंमत काय असते, हें शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. सातबाऱ्यावर बापाचें नांव कोणत्या रकान्यांत पडलें, मालकाच्या कीं इतर हक्कांच्या, एवढ्यावर कित्येक घरांच्या दोन दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यांत गेल्या. शब्द लिहिणारानें लिहिला. भोगला मात्र कुळानें. म्हणून एखादा शहाणा आम्हांस सांगूं लागला कीं, ‘कैद्याला बंदी म्हणा नाहीं तर गुन्हेगार म्हणा, नांवांचा एवढा काथ्याकूट कशाला? भाकरी तीच मिळणार!’ तर त्यास आमचें उत्तर असें कीं, महाराज, भाकरी तीच मिळत नाहीं. तुरुंगाच्या वहींतला शब्द हा नुसता शब्द नसतो; तो हुकूम असतो. भाकरी कोणीं भाजावयाची, संडास कोणीं झाडावयाचा, रात्रीच्या पहाऱ्यावर कोणाला नेमावयाचें आणि कोणाकडे जन्मभर संशयानें पाहावयाचें, हें सारें त्या शब्दावरून ठरत आलें आहे.

आपल्या देशांतले तुरुंग १८९४ सालच्या इंग्रजी कायद्यावर उभे राहिले. तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारींतला विषय असल्यामुळें प्रत्येक राज्याचें नियमांचें पुस्तक निराळें. इंग्रज गेले, राज्यघटना आली, अस्पृश्यता पाळणें गुन्हा ठरलें; परंतु या पुस्तकांतले कित्येक शब्द जागचे हलले नाहींत. पत्रकार सुकन्या शांता यांनीं २०२० सालीं हें प्रकरण उजेडांत आणलें आणि पुढें सर्वोच्च न्यायालयांत नेलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानें त्याचा निकाल दिला. तो निकाल वकिलांनीं वाचून ठेवून देण्याचा नाहीं. तो गांवच्या चावडीवर समजला पाहिजे.

त्या पुस्तकांत काय होतें तें ऐका. पश्चिम बंगालच्या नियमांत कैद्यांचा स्वयंपाकी ‘योग्य जातीचा’ असावा आणि झाडूवाले मेहतर, हाडी अशा जातींतून निवडावे, असें सांगितलें होतें. राजस्थानच्या जुन्या नियमांत स्वयंपाकाला ब्राह्मण किंवा पुरेशा उंच जातीचा कैदी पात्र होता. तेथील सरकारनें २०२१ सालीं ते नियम बदलले. उत्तर प्रदेशची गोष्ट तर फारच नामी. साधी कैद झालेल्या माणसाला हलकें काम सांगूं नये, असा तेथील नियम. पण त्याला एक शेपूट जोडलेलें. तो माणूस तसें काम करण्याची सवय असलेल्या वर्गाचा किंवा समाजाचा असेल, तर मात्र सांगावें! आणि हें पुस्तक कांहीं राणीच्या राज्यांतलें नव्हे. तें २०२२ सालचें.

वाचक हो, या ‘सवय’ शब्दाकडे जरा थांबून पाहा. साधी कैद म्हणजे जिच्यांत सक्तमजुरी नाहीं ती कैद. न्यायाधीशानें दोघांना सारखीच साधी कैद दिली. तुरुंगाच्या दारांत वही उघडली आणि दोघांतल्या एकाच्या हातीं झाडू आला. न्यायाधीशानें न दिलेली सक्तमजुरी त्याला जातीनें दिली! बरें, ही सवय लागली कोणामुळें? पिढ्यान् पिढ्या दुसरें काम करूं दिलें नाहीं, विहिरीवर चढूं दिलें नाहीं, शाळेच्या ओसरीबाहेर बसविलें, आणि मग म्हणावयाचें कीं, यांना सवयच आहे. बैलाच्या मानेवर जूं ठेवून घट्टा पाडावा आणि मग तो घट्टा दाखवून म्हणावें कीं, ही मान जुंवासाठींच घडविली आहे, त्यांतला हा न्याय.

न्यायालयानें हे नियम घटनाविरुद्ध ठरविले. कैद्याच्या जातीवरून त्याला सफाईला जुंपणें ही अस्पृश्यताच आहे, आणि मनाविरुद्ध असें काम लादणें ही वेठबिगारीच आहे, असें निकालाचें सार आहे. कैद्यांच्या नोंदवहींतला जातीचा रकाना काढून टाका, असाही हुकूम झाला आणि नियम सुधारण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली.

दुसरा शब्द ‘सराईत’. हा शब्द कानाला सरळ वाटतो. जो वारंवार चोरी करतो तो सराईत. यांत वावगें काय? वावगें असें कीं, हा शब्द ज्यांच्या कपाळीं मारला त्यांतल्या कित्येकांनीं एकही गुन्हा केलेला नव्हता. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यांतही आला. सबंध जमातच गुन्हेगार. पोर पाळण्यांत आहे तोंच त्याच्या नांवावर शिक्का. मोठ्यांनीं पोलिसांत किंवा पाटलाकडे हजेरी द्यावयाची. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत वसाहत उभारून या लोकांना कोंडलें आणि गिरण्यांत राबविलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना चाकरीला ठेवलें. ज्याला सारे चोर म्हणत त्याच्या हातीं विश्वासाचें काम दिलें, तेव्हां तो विश्वासू निघाला. शिक्क्याचा खोटेपणा याहून सोप्या रीतीनें कोणीं सिद्ध करावा?

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हें नवें नांव मिळालें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा! कारण पाठोपाठ राज्यांनीं सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ सालचा. कागदावर हे कायदे जातीला नव्हे तर गुन्ह्याला लागू होते. पण तुरुंगाच्या पुस्तकांत जुनेंच भूत नव्या शब्दांत शिरून बसलें. मध्य प्रदेशच्या नियमांत, सरकारची मर्जी असेल तर, विमुक्त जमातीचा माणूस सराईतांत धरतां येत असे. पश्चिम बंगालांत भटक्या जमातीच्या कैद्याला रात्रीचा पहारेकरी नेमावयाचें नाहीं, कारण काय, तर पळून जाणें हा म्हणे त्यांचा स्वभावच! २०२४ च्या निकालानें यालाही आळा घातला. सराईत कोण, हें ज्या त्या राज्याच्या कायद्यांतल्या व्याख्येप्रमाणेंच ठरवावें, एरवीं तो शब्द वापरूं नये, असें न्यायालयानें सांगितलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें आपल्या आदर्श नियमांत व्याख्या घातली: लागोपाठच्या पांच वर्षांत दोनांहून अधिक वेळां निरनिराळ्या गुन्ह्यांत शिक्षा होऊन कैद झाली असेल, तो सराईत. म्हणजे शब्द आतां केलेल्या कृत्याशीं बांधला आहे, आईच्या पोटाशीं नव्हे. पण पोलीस चौकींत व गांवांत जीभ अजून जुनीच चालते. पारध्याच्या पालावर पहिला छापा पडतो आणि आपणही ‘असतीलच ते’ म्हणून दार लावून घेतों. येथें दोष एकट्या सरकारचा नाहीं. उंच जातींच्या नांवानें बोटें मोडणारे आपण, आपल्याहून खालच्यावर तोच शिक्का मारीत असूं, तर आपलें गाऱ्हाणें कोणीं कां ऐकावें?

तिसरा शब्द ‘कच्चा कैदी’. ज्याचा खटला अजून चालू आहे तो. कायद्यानें तो निर्दोष आहे. २०२२ सालच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरांत पंचाहत्तरांवर माणसें गुन्हा शाबीत न होतां आंत! यांना सरकारी मराठींत ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. शब्द भारदस्त, पण त्याच्या बायकोला तो वाचून काय कळावें? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणें, ज्याला पूर्वीं कधीं शिक्षा झालेली नाहीं अशा कच्च्या कैद्यानें त्या गुन्ह्याच्या जास्तींत जास्त शिक्षेचा एकतृतीयांश काळ आंत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावयाचें आहे. इतरांचा विचार निम्मा काळ झाल्यावर होतो. फांशी किंवा जन्मठेप होऊं शकेल अशा गुन्ह्यांना व ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्याला ही सवलत नाहीं. मुदत भरतांच कोर्टाकडे अर्ज करणें हें तुरुंगाच्या अधीक्षकाचें काम आहे. तो करीत नसेल तर घरच्यांनीं विचारावें. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे कोठडींतल्या माणसाला फुकट वकील मागतां येतो. १९८७ च्या कायद्यानें तो त्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

परंतु हक्क मागावयाचा तर त्याचें नांव कळलें पाहिजे. ‘परिवीक्षा’ म्हणजे काय, हें आमच्या किती घरांना ठाऊक आहे? १९५८ सालच्या कायद्यानें कोर्टाला असें करतां येतें कीं, योग्य प्रकरणांत गुन्हा शाबीत झाला तरी माणसाला तुरुंगांत न धाडतां चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरीं सोडावें आणि एका अधिकाऱ्यानें त्याच्यावर देखरेख ठेवावी. शेतकऱ्याचा हंगाम वांचतो, कारागिराचा ऐरण-हातोडा थंड पडत नाहीं. ‘संचित रजा’ आणि ‘अभिवचन रजा’ म्हणजे लोक ज्यांना फर्लो आणि पॅरोल म्हणतात त्याच दोन सुट्या. शब्द पंडितांनीं घडविले, अर्ज मात्र अडाण्यानें लिहावयाचा! पूर्वीं पोथी संस्कृतांत ठेवून ज्ञान कोंडलें. आतां हुकूम अवघड मराठींत ठेवून हक्क कोंडूं नका, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां सर्वांत नवा शब्द पाहा: ‘सामुदायिक सेवा’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यांत ही नवी शिक्षा आली. पहिल्याच वेळीं केलेली पांच हजार रुपयांच्या आंतली चोरी, जिच्यांतला माल परत दिला आहे, दारू पिऊन चारचौघांत केलेला दंगा, अब्रूनुकसानी, अशा मोजक्या गुन्ह्यांत कोर्ट ती देऊं शकतें. लोकांच्या उपयोगाचें काम करावयाचें आणि त्याची मजुरी मिळावयाची नाहीं. या शिक्षेला आमचा विरोध नाहीं. किरकोळ चोरीसाठीं पोराला कसलेल्या गुन्हेगारांत नेऊन टाकण्यापेक्षां हें शतपट बरें. परंतु काम कोणतें द्यावयाचें, याची यादी कायद्यांत नाहीं, आणि भीति तेथेंच आहे.

आमच्या भाषेंत ‘समाज’ म्हणजे सारे लोकही आणि ‘समाज’ म्हणजे जातही. ज्या शब्दानें उत्तर प्रदेशच्या पुस्तकांत ‘सवय असलेला समाज’ झाडूला जुंपला, त्याच शब्दाची सेवा आतां शिक्षा म्हणून सांगितली जाणार. उद्यां एखाद्या कोर्टांत बड्या घरच्या मुलाला वाचनालयांत पुस्तकें लावावयास बसविलें आणि मांगवाड्यांतल्या पोराला गटारावर धाडलें, तर तुरुंगाच्या पुस्तकांतून हांकललेली जात मागच्या दारानें परत आली असें समजावें. शिवाय झाडलोट हीच शिक्षा ठरली, तर जी बाई रोज पहांटे गांवचा रस्ता झाडते तिनें कोणता गुन्हा केला आहे? शिक्षेचें काम निवडतांना जातीचा, धंद्याचा, आडनांवाचा विचार होतां कामा नये, आणि कोणाला कोणतें काम दिलें याचा जाहीर हिशेब ठेवला पाहिजे.

हें सारें अशक्य आहे असें कोणीं म्हणूं नये. सांगली जिल्ह्यांत आटपाडीजवळ औंध संस्थानानें १९३९ सालीं कैद्यांची एक वसाहत वसविली आणि तिला नांव दिलें ‘स्वतंत्रपूर’. उंच भिंती नाहींत. कसावयास जमीन आणि जवळ बायकापोरें. तेथें नांव गोड होतें म्हणून माणूस सुधारला नाहीं. नांवाबरोबर जमीन दिली, घर दिलें, विश्वास दिला, म्हणून तें नांव खरें ठरलें. आज महाराष्ट्रांतल्या तुरुंग खात्याचें नांव ‘कारागृह व सुधारसेवा विभाग’ आहे. नांव चांगलें आहे. तें खरें करून दाखविणें हें खात्याचें काम, आणि खरें झालें कीं नाहीं हें विचारणें आमचें.

म्हणून शेतकरीदादांनो, कारागीर बंधूंनो आणि मायबहिणींनो, तुमच्या घरचें माणूस दैवयोगानें आंत गेलें तर रडत बसूं नका. वहींत त्याच्या नांवापुढें कोणता शब्द लिहिला आहे तें विचारा, त्याचा अर्थ सोप्या मराठींत मागा, आणि तो शब्द त्याच्या कृत्यावरून लिहिला कीं त्याच्या जन्मावरून, याचा जाब घ्या. शेजारच्या पालावरच्या माणसासाठींही तेंच करा. त्याच्यावरचा शिक्का पुसल्याशिवाय आपल्यावरचा पुसला जावयाचा नाहीं.